दहा मीटरवरचा रजेचा अर्ज

माझ्या नातीला तिच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एका उडीला सात पंचांनी जे गुण दिले, ते खरं म्हणजे माझे होते. दोन, दोन, दीड, दोन, दोन, दीड, दोन. दहापैकी. उडी तिने मारली, आणि फार सुरेख मारली. गुण मी कमावले, गॅलरीत बसून, मांडीवर चिंचभाताचा डबा घेऊन.

आता ती तेवीस वर्षांची आहे आणि मी एकोणसत्तर. तेव्हा ती चौदाची होती आणि मी साठची पोर. पोरच म्हणते मी. नोकरीतून निवृत्त झालं की माणूस दुसऱ्यांदा वयात येतं, असं माझं मत आहे. आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागतं, कुणाचं ऐकवत नाही, आणि अंगात नुसती रग असते. त्या साठ वर्षांच्या बाईला मी आज ओळखही दाखवली नसती, पण साड्या तिच्याच नेसते, तेव्हा नाइलाज आहे.

एग्मोरजवळच्या रेल्वेच्या कचेरीत मी छत्तीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक आस्थापना विभागात. आस्थापना म्हणजे रजा, बदल्या, क्वार्टर, पास. थोडक्यात, फॉर्म. लग्न होऊन मिरजेहून इथे आले तेव्हा मला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. पण फॉर्म सगळीकडे सारखाच असतो, आणि त्याच्या जोरावर मी या शहरात पाय रोवले. माझं अक्षर टाइप केल्यासारखं. खाडाखोड नाही, रकान्याबाहेर रेघ जायची नाही. लोक माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायला पार जॉर्ज टाउनकडच्या मालधक्क्यावरून यायचे.

ते नुसत्या अक्षरासाठी नव्हे. अर्ज कसा मागावा याचं एक शास्त्र होतं आणि ते मला येत होतं. आठ दिवसांची रजा हवी असेल तर बारा दिवसांची मागायची. साहेब लाल पेन्सिल परजून बसलेलाच असतो. काहीतरी कापल्याशिवाय त्याला आपण साहेब आहोत असं वाटतच नाही. तो चार कापतो, आपल्याला आठ मिळतात, दोघंही खूश. दोन खोल्यांचं क्वार्टर हवं तर अर्ज तीन खोल्यांसाठी. खिडकीजवळची जागा हवी तर पंख्याखालची मागायची. छत्तीस वर्षांत ही युक्ती एकदाही फसली नाही. म्हणूनच ती पुढे फसली.

निरोपाच्या दिवशी मला एक शाल, एक भिंतीवरचं घड्याळ आणि गळ्यात मावणार नाही एवढा हार मिळाला. फॉर्म एकही मिळाला नाही. घरी आले आणि तीन महिन्यांत माझं तोंड एवढंसं झालं. अंबत्तूरला आम्ही मुलाकडे राहतो. मुलगा गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात, सून संगणकाच्या कंपनीत. दोघं सकाळी स्कूटरवर बसून जायची ती संध्याकाळी यायची. मी आधी घरातल्या सगळ्यांचे गॅसचे, बँकेचे, आधारचे कागद भरून टाकले. मग मजल्यावरच्या शेजाऱ्यांचे भरले. मग आमचे हे म्हणाले, "आता खालच्या वॉचमनलाही पासपोर्ट काढून देणार आहेस का?" वॉचमनला मी विचारलं होतं. त्याला नको होता.

अशा उपासमारीच्या दिवसांत नातीला पोहण्याच्या तलावावर नेण्याआणण्याचं काम माझ्याकडे आलं.

ती पोहायची नाही, सूर मारायची. डायव्हिंग. आधी एक मीटरच्या स्प्रिंगबोर्डवरून, म्हणजे लवचीक फळीवरून, मग तीन मीटरच्या, मग प्लॅटफॉर्मवरून. हा प्लॅटफॉर्म म्हणजे आगगाडीचा नव्हे. सिमेंटचा उंच मनोरा, पाच मीटरवर एक सज्जा, साडेसातवर एक, दहावर एक. दहा मीटर म्हणजे आमच्या इमारतीचा तिसरा मजला. तिथून पोर खाली डोकं करून उडी टाकते आणि आपण खाली बसून चिंचभात खातो, ही गोष्ट पचायला मला दोन महिने लागले.

अंबत्तूरहून गाडीने सेंट्रल, तिथे जिना चढून उतरून दुसरी गाडी, मग रिक्षा. जाताना ती तमिळमध्ये मैत्रिणींशी फोनवर बोलायची, माझ्याशी मराठीत, आणि चिडली की इंग्रजीत. मी गॅलरीत छत्री उघडून बसायची. बसल्या बसल्या त्या खेळाचं पुस्तक मागून घेतलं आणि वाचून काढलं. आणि काय सांगू, त्यात तक्ते होते. पानंच्या पानं तक्ते. प्रत्येक उडीला एक नंबर. पहिला आकडा उडीची जात सांगतो: पुढे तोंड करून, मागे तोंड करून, हातांवर उभं राहून, असं. तिसरा आकडा अर्ध्या कोलांट्या मोजतो. शेवटी एक इंग्रजी अक्षर, त्यावरून शरीर कसं ठेवायचं ते कळतं. सी म्हणजे गुडघे छातीशी आवळून चेंडूसारखं व्हायचं. बी म्हणजे पाय ताठ ठेवून कमरेत मिटायचं, चिमट्यासारखं. बी अवघड, म्हणून त्याला काठिण्याचे दशांश जास्त. पंचांच्या गुणांना त्या दशांशांनी गुणतात. वेतनश्रेणीचे नियमही इतके देखणे नसतात. पंधरा दिवसांत मला सगळा तक्ता पाठ झाला. उडी मारता येत नव्हती एवढंच.

मुलांना शिकवणारे कोच पन्नाशीचे, काटकुळे, गळ्यात शिट्टी. मी त्यांना सार म्हणायची, ते मला अम्मा. त्यांचं हिंदी लंगडं, माझं तमिळ लंगडं. दोन्ही एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालायची. त्यांचं अक्षर मात्र लंगडं नव्हतं, ते सरळ आडवंच पडलेलं होतं. आदल्या वर्षी एका स्पर्धेत त्यांनी लिहिलेला आकडा संगणकवाल्याने भलताच वाचला आणि एका मुलाची पंचाईत झाली होती.

कारण या खेळात एक नियम आहे. कोणत्या उड्या, कोणत्या क्रमाने, कशा मारणार, हे एका कागदावर आधी लिहून द्यावं लागतं. त्याला सगळे शीट म्हणायचे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी शीट देऊन टाकायचं, खाली खेळाडूची सही, कोचची सही. मग स्पर्धेत उडीआधी तुमचं नाव आणि उडीचा नंबर माइकवरून सांगतात, आणि जे सांगितलं तेच तुम्ही मारायचं. हल्ली म्हणे हे सगळं संगणकावरच भरतात. तेव्हा कागद होता.

तर त्या वर्षी आमच्याच शहरात मुलामुलींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. आठनऊ देशांची पोरं येणार होती. कोच सार गॅलरीत वर आले, हातात कोऱ्या शीटांचा गठ्ठा, आणि म्हणाले, "अम्मा, तुम्ही लिहाल का? माझी आठ मुलं आहेत. मी सांगतो, तुम्ही लिहा."

मी पर्समधून शाईचं पेन असं काढलं, जसं काही निवृत्त झाल्यापासून मी याच क्षणासाठी ते भरून ठेवलं होतं. ठेवलंच होतं.

नातीला त्या स्पर्धेत काय हवं होतं ते मला माहीत होतं. मेडल नको होतं. मेडल चिनी मुली घेऊन जाणार हे तिने आधीच मान्य केलं होतं. तिला दहा मीटरच्या अंतिम फेरीत जायचं होतं, पहिल्या बारांत. गाडीत एकदा तिने मला समजावून सांगितलं होतं, "आजी, प्रिलिमला नुसतं नाव घेतात आणि उडी मारायची. पण फायनलला ना, बाराजणींना रांगेत उभं करतात. मग एकेकीचं नाव, देश, मोठ्याने. आणि आपण एक स्टेप पुढे यायचं, हात वर करायचा. मला ती स्टेप पाहिजे." वर्षभर ती त्या एका पावलासाठी पहाटेचा दही-इडलीचा डबा घेऊन गाडीत डुलक्या खात होती.

आणि मला ते पाऊल तिला मिळवून द्यायचं होतं. हे मी माझ्या बाजूने सांगतेय असं समजू नका. साठ वर्षांच्या बाईला स्वतःची युक्तीही दाखवायची होती.

कोचनी आठ मुलांच्या उड्या सांगितल्या, मी लिहिल्या. सात मुलांच्या जशा सांगितल्या तशा. नातीच्या शेवटून दुसऱ्या उडीशी ते म्हणाले, "फोर-ओ-फाइव्ह सी." पाण्याकडे पाठ करून सज्ज्याच्या टोकावर उभं राहायचं, टाचा बाहेर, आणि उडी मारून सज्ज्याच्याच दिशेला डोकं फिरवत अडीच कोलांट्या घ्यायच्या. चेंडूसारखं होऊन, म्हणजे सी.

माझं पेन थांबलं. हीच उडी मी तिला तीन मीटरच्या बोर्डवरून बीमध्ये मारताना पाहिली होती. चिमट्यासारखी मिटलेली, पाय कसे ताठ. तक्त्यात बीचे दशांश जास्त होते. मी मनाशी म्हटलं, आपण बी मागू. झेपणारं नसेल तर कोच म्हणतील, कुणी वरचे पंच म्हणतील, हे नको, सी घ्या. कुणीतरी लाल पेन्सिल घेऊन बसलेलं असेलच. कापलं तर सी आहेच; नाही कापलं तर जास्तीचे दशांश आपले. आणि मी माझ्या त्या कचेरीत नावाजलेल्या गोल, भरल्या पोटाच्या अक्षरात बी लिहिला.

कोचनी आठ शीटांवर आठ सह्या केल्या. वाचलं काहीच नाही. "अम्मांनी लिहिलंय," असं म्हणाले. नात ओल्या केसांनी वर आली, टॉवेलला हात पुसले. मी म्हटलं, "बघून घे गं." ती म्हणाली, "तू लिहिलंस ना? मग काय बघायचं." आणि सही करून भेळ खायला पळाली.

लाल पेन्सिलवालं तिथे कुणीच नव्हतं. कुणी काही कापलं नाही. सगळी मागणी जशीच्या तशी मंजूर झाली, आणि मला त्याचा आनंद झाला.

स्पर्धेच्या दिवशी मी नारायणपेठ नेसून गेले. सून म्हणाली, "आई, उन्हात बसायचंय." मी म्हटलं, "परदेशी लोक येणार आहेत." परदेशी लोक अर्ध्या चड्ड्यांत आले होते आणि मी तिथे लग्नाला आल्यासारखी बसले होते.

नातीच्या पहिल्या उड्या चांगल्या झाल्या. गुणांच्या फळ्यावर ती नववी दिसत होती, मग आठवी. माझ्या शेजारी एक मलेशियाची आई होती, तिला मी खुणेने सांगितलं, ती माझी. तिने अंगठा दाखवला. मी चिंचभात पुढे केला. तिने घेतला. मी एकंदरीत फार खूश होते.

मग शेवटून दुसरी उडी. नात मनोऱ्याच्या पायऱ्या चढून दहा मीटरवर गेली. छोट्या ओल्या फडक्याने अंग टिपलं, ते खाली फेकलं, सज्ज्याच्या टोकाशी गेली, पाठ फिरवली. खाली पाण्यावर बारीक फवारा सोडलेला असतो, म्हणजे वरून पाणी कुठे आहे ते कळतं. माइकवरून तिचं नाव आलं, आणि मग, "फोर-ओ-फाइव्ह बी."

मी मान डोलावली. बरोबर आहे, असं.

वर नात हलली. एवढीशीच. तिने फळ्याकडे पाहिलं. मग खाली कोचकडे. कोचनी हातातला कागद पाहिला, पुन्हा पाहिला, आणि त्यांचा चेहरा मी एवढ्या लांबून पाहिला. मला अजूनही काही कळलं नव्हतं. मला वाटलं, त्यांना उन्हाचा त्रास होतोय.

शिट्टी झाली. शिट्टी झाल्यावर फार वेळ उभं राहता येत नाही. नातीने हात वर नेले, टाचा उचलल्या आणि उडी घेतली. चेंडू झाली. गुडघे आवळून, वर्षभर जशी मारली तशीच, अडीच कोलांट्या, आणि पाण्यात अशी गेली की वर फूटभरही पाणी उडालं नाही. कापड फाटल्यासारखा तो एक आवाज येतो, तसा आवाज आला. मलेशियाच्या बाईने टाळ्या वाजवल्या. मी तर उभीच राहिले.

फळ्यावर गुण आले. दोन, दोन, दीड, दोन, दोन, दीड, दोन.

मी म्हटलं, यंत्र बिघडलं. मलेशियाच्या बाईला हातवारे करून विचारलं. ती वाईट चेहऱ्याने हळू म्हणाली, "रॉंग पोझिशन." आणि दोन्ही हात कमरेशी घडी घालून दाखवले, चिमट्यासारखे. मग गुडघे आवळल्यासारखे. मग मान हलवली.

तो नियम मी पुस्तकात वाचला होता. सांगितलेल्या पद्धतीऐवजी उघडउघड दुसऱ्याच पद्धतीने उडी मारली, तर ती कितीही चांगली असो, दोनच्या वर गुण नाहीत. वाचला होता आणि आपल्याला लागू नाही असं समजून पुढे गेले होते. कचेरीतही मी नियम असेच वाचायची: दुसऱ्यांसाठी.

शेवटची उडी तिने चांगली मारली. पण फळ्यावर ती तेरावी राहिली. बाराजणी अंतिम फेरीत. ती तेरावी.

मी खाली गेले, साडी सावरत, ओल्या फरशीवर घसरत. तलावाच्या मागे एक बोळ होता. तिथे संघाच्या मॅनेजर बाई होत्या, त्यांच्या हातात शीट होतं. कोच भिंतीला टेकून उभे. नात टॉवेल गुंडाळून उभी, केसातून पाणी गळतंय. मॅनेजर बाई तावातावाने बोलत होत्या. "बी कुणी लिहिला? तुम्ही सांगितलात?"

कोच म्हणाले, "मी सी सांगितला होता."

"मग बी आला कुठून?"

नातीने शीटाकडे पाहिलं. माझा बी तिला लांबूनही ओळखू आला असणार; तिच्या शाळेच्या वह्यांच्या कव्हरांवर माझंच अक्षर असायचं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "मी लिहिला, मॅडम. मला वाटलं होतं जमेल. सॉरी."

मॅनेजर बाई तिच्यावरच घसरल्या. देश, शिस्त, बेजबाबदारपणा. ती खाली मान घालून ऐकत होती, आणि मी तिथे उभी होते, पर्समध्ये तेच पेन घेऊन. खोटं सांगत नाही, दोन-तीन क्षण मी गप्प राहिले. छत्तीस वर्षांत माझ्या फॉर्मवर चूक निघाली नव्हती, आणि त्या दोन-तीन क्षणांत त्या साठ वर्षांच्या बाईला तेच महत्त्वाचं वाटलं. त्या दोन-तीन क्षणांची मला अजून लाज वाटते. उडीपेक्षाही जास्त.

मग म्हटलं, "मॅडम, मी लिहिला. मी तिची आजी. तिला माहीतही नव्हतं."

मॅनेजर बाईंचा आवाज खाली आला. कचेरीतली माणसं वयस्कर बाईला ओरडायला कचरतात, तसं झालं. त्या शीट कोचच्या हातात देऊन निघून गेल्या. कोचनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाले, "अम्मा, खाली सही माझी आहे. मीही वाचलं नाही." आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवून, तमिळ लोक पोरांना लाडाने म्हणतात तसं म्हणाले, "कण्णा, तू सी मारलीस ते बरोबर केलंस. बी मारली असतीस तर मी तुला कधी माफ केलं नसतं." एवढं बोलून तेही गेले, कारण त्यांच्या दुसऱ्या मुलाची फेरी चालू होती.

घरी येताना गाडीत ती खिडकीशी बसली. कानात ती वायर घातलेली, पण गाणं लागलेलं नव्हतं, हे मला तिच्या पायावरून कळलं. गाणं लागलं की तिचा पाय हलतो. पेरांबूर स्टेशन गेलं तेव्हा मी विचारलं, "सार असं का म्हणाले? बी मारली असतीस तर?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आजी, बी मी फक्त तीन मीटरवरून केलीय. दहावरून कधीच नाही. पाय ताठ ठेवले की फिरायला वेळ लागतो. सज्ज्याच्या इतकं जवळून डोकं जातं ना. सार म्हणाले होते, पुढच्या वर्षी."

टाचा बाहेर, पाठ पाण्याकडे, माइकवर बी, गॅलरीत मान डोलावणारी मी. चौदा वर्षांची पोर त्या टोकावर एकटी उभी राहून ठरवत होती की आजीचं ऐकायचं का स्वतःचं डोकं सांभाळायचं. तिने डोकं सांभाळलं. आणि त्यासाठी ते पाऊल सोडलं. मी मांडीवरचा डबा घट्ट धरला.

"मला फायनल पाहिजे होती, आजी," ती म्हणाली. रडली नाही. नुसतं म्हणाली.

"हो गं."

"मग तू बी का लिहिलास?"

मी तिला सगळं सांगितलं. आठ दिवसांची रजा आणि बारा दिवसांचा अर्ज. साहेबाची लाल पेन्सिल. पंख्याखालची जागा. विल्लिवाक्कम आलं, गेलं. तिने कानातली वायर काढली.

"म्हणजे तुला वाटलं, जज लोक म्हणतील, हे नको, सी मार?"

"तसंच काहीसं."

"आजी, जज खाली बसलेले असतात. मी वर असते. मी उडी मारायच्या आधी ते काय कापणार?"

मी म्हटलं, "हे मला तेव्हा सुचलं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. चिडायचं की हसायचं हे तिला ठरवता येत नव्हतं. तिने तोंड फिरवलं, पण खिडकीच्या काचेत मला तिचे गाल दिसत होते.

घरी आमच्या ह्यांना मी सगळं सांगितलं. ते वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "तू माझा अर्ज लिहिलास तेव्हा मला बदली मागायची होती सोलापूरला. तू मागितलीस पुण्याला. मिळाली विजयवाड्याला." हे त्यांनी तीस वर्षं मला कधी सांगितलं नव्हतं. मी समजत होते, माझ्यासारखंच त्यांनाही विजयवाडाच हवं होतं, इथून एका रात्रीच्या अंतरावर.

सून आणि मुलगा आले. त्यांनी नातीला जवळ घेतलं, मला कुणी बोल लावला नाही, आणि तेच जास्त लागलं. मी पेन धुतलं, पुसलं, आणि देवघराच्या खणात, उदबत्तीच्या पुड्यांच्या मागे ठेवून दिलं. कोचना फोन करून सांगितलं की तीन मीटरच्या स्प्रिंगबोर्डची शीटं आता दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. ते "सरी, अम्मा," म्हणजे बरं, एवढंच म्हणाले. पण त्यांच्या आवाजावरून कळत होतं की दुसरं कुणी नाही.

स्प्रिंगबोर्डची स्पर्धा एक दिवस सोडून होती. शीटं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत द्यायची. सकाळी मी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होते. नात आली, अजून झोपेच्या कपड्यांत. तिच्या हातात आठ कोरी शीटं होती. कोचनी त्यांच्या एका मुलाबरोबर सकाळीच पाठवली होती. वरच्या शीटावर कोचच्या त्या आडव्या पडलेल्या अक्षरात उड्यांची यादी टाचलेली होती, आणि एका ओळीवर नातीने पेन्सिलने गोल काढला होता. ४०५ बी. तीन मीटरवरून. ही तिची होती, येणारी, शंभरदा केलेली.

तिने शीटं ओट्यावर ठेवली. मी म्हटलं, "माझं पेन मी ठेवून दिलंय."

ती देवघराकडे गेली, उदबत्तीच्या पुड्यांमागून पेन काढून घेऊन आली, टोपण उघडून माझ्यासमोर ठेवलं. कोथिंबिरीची परात बाजूला सारली. आणि म्हणाली:

"आजी, लिही. तुझंच अक्षर त्या कंप्यूटरवाल्याला कळतं. पण या वेळी मी वाचल्याशिवाय सही करणार नाही. आणि हे बघ, जेवढी रजा पाहिजे तेवढीच माग."